ब्लॉग हलवताना, आयुष्य हलताना: लिखाण न हरवता पुढे नेण्याचा क्रम

पंधरा-वीस वर्षांपूर्वी सुरू झालेल्या मराठी ब्लॉगांचे दुवे आज उघडून पाहिले, तर त्यांतले कितीतरी रिकाम्या पानावर जाऊन थांबतात. लिहिणाऱ्याचा उत्साह संपला असेल, असं आपण धरून चालतो. पण ज्यांचे ब्लॉग असे गेले त्यांच्याशी बोललं की दुसरीच कारणं कळतात. परदेशी गेल्यावर भारतातलं सिम बंद पडलं आणि ओटीपी येईना. डोमेनच्या, म्हणजे साइटच्या स्वतःच्या पत्त्याच्या, नूतनीकरणाची मेल जुन्या ऑफिसच्या ईमेलवर गेली. नव्या साइटवर सगळं उतरवून जुनं डिलीट केलं आणि महिन्याभराने लक्षात आलं की फोटो आलेलेच नाहीत. यातलं काहीही तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हतं, फक्त कामं उलट्या क्रमाने झाली.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. आधी प्रत, मग चाव्या, मग पत्ता आणि सगळ्यात शेवटी सामान. उदाहरण गुगलच्या फुकट ब्लॉगर सेवेवरून, म्हणजे ब्लॉगस्पॉटवरून, स्वतःच्या वर्डप्रेसवर जाण्याचं घेतलं आहे, कारण बरेच मराठी ब्लॉग याच वाटेने हलतात. वाट वेगळी असली तरी पहिले चार टप्पे तसेच लागू पडतात.

## टप्पा १: वेळ ठरवा

घर बदलणं, देश बदलणं, बाळंतपण, मोठं आजारपण, घरातला मृत्यू, घटस्फोट. यांपैकी काही चालू असेल किंवा येत्या तीन-चार महिन्यांत दिसत असेल, तर ब्लॉग हलवायला घेऊ नका. तेवढ्या काळात फक्त टप्पा २ आणि ३ उरका, बाकीचं थांबू शकतं. स्थलांतरात सलग लक्ष द्यावं लागतं, आणि अर्धवट हललेला ब्लॉग न हललेल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो: निम्मे दुवे इकडे, निम्मे तिकडे, आणि कुठली प्रत खरी हे सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवत नाही.

याला अपवाद एकच, सेवा स्वतःच बंद होणार असेल तर. जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये गेलं, पोस्टरस ३० एप्रिल २०१३ ला, टाइपपॅड ३० सप्टेंबर २०२५ ला. अशी तारीख जाहीर झाली की परिस्थिती कशीही असो, त्या तारखेआधी प्रत उतरवायचीच. मात्र नवं घर त्याच तारखेला तयार असायला हवं असं नाही. प्रत हातात असली की उतरवण्याचं काम वर्षभराने केलं तरी चालतं.

कुठे जायचं हेही आत्ताच ठरवा, आणि ठरवताना पुढच्या दोन वर्षांत तुमच्याकडे किती वेळ असेल ते प्रामाणिकपणे बघा. स्वतःच्या होस्टिंगवरचं, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरचं, वर्डप्रेस मोकळीक देतं, पण त्याची देखभाल करावी लागते. अद्ययावत न केलेली प्लगइनं (जोडीला बसवलेले छोटे प्रोग्रॅम) ही अशा साइट हॅक होण्याची नेहमीची वाट आहे. तुम्ही सहा महिने फिरकणार नसाल, तर ब्लॉगरवरच राहून फक्त स्वतःचं डोमेन जोडा, किंवा देखभाल दुसरं कुणी करतं अशी वर्डप्रेस डॉट कॉमसारखी सेवा घ्या. अस्थिर काळात माझं मत कायम ब्लॉगरवरच राहण्याच्या बाजूने असतं.

## टप्पा २: प्रत काढा, आणि ती उघडून बघा

ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये ब्लॉग व्यवस्थापनाच्या भागात मजकुराचा बॅकअप घेण्याची सोय आहे. गुगल टेकआउटमधूनही ब्लॉगरचा विदा (डेटा) उतरवता येतो. वर्डप्रेसमध्ये टूल्समधला एक्सपोर्ट वापरा. तिथे एक एक्सएमएल फाइल मिळते.

इथेच पहिली मोठी चूक होते. त्या फाइलमध्ये लेख असतात, प्रतिक्रिया असतात, मसुदे असतात, पण फोटो नसतात. फोटोंचे फक्त पत्ते असतात. फाइल वीस वर्षं जपली आणि मूळ जागचे फोटो गेले, तर लेखांत रिकामे चौकोन उरतात. म्हणून फोटो वेगळे उतरवा. ब्लॉगरच्या फोटोच्या पत्त्यात मध्ये 'एस३२०' किंवा 'एस१६००' असा आकाराचा तुकडा असतो. लेखात दिसणारी लहान प्रत न उतरवता, फोटोवर टिचकी मारून मोठी उघडा आणि ती साठवा. तुमच्या जुन्या फोनमध्ये किंवा सीडीवर मूळ फोटो असतील तर उत्तमच, पण ते तिथे आहेतच असं समजू नका.

थीममध्ये बदल केले असतील तर तिची प्रत स्वतंत्र घ्यावी लागते. बाजूच्या पट्टीत हाताने लिहिलेला मजकूर, आवडत्या ब्लॉगांची यादी, स्वतःची ओळख हे लेखांच्या फाइलमध्ये येईलच असं नाही. ते सरळ कॉपी करून एका साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवा.

बाहेरच्या सेवांवर ठेवलेलं काही लेखांत जोडलं असेल तर ते आत्ताच शोधा. फोटोबकेटने २०१७ मध्ये फुकट खात्यांचे फोटो इतर साइटवर दिसणं बंद केलं, तेव्हा हजारो ब्लॉगांतली चित्रं एका फटक्यात गेली. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद झालं, तेव्हा ज्या ब्लॉगरांनी त्याची प्रतिक्रिया-पेटी वापरली होती त्यांच्या प्रतिक्रियाही गेल्या. स्वतः गायलेलं किंवा वाचलेलं ध्वनिमुद्रण, स्लाइड शो, सामायिक केलेल्या फाइली: जे तुमच्या ब्लॉगच्या खात्याबाहेर आहे ते तुमच्या प्रतीत नाही.

इशारा: एक्सएमएल फाइल एक्सेलमध्ये किंवा वर्डमध्ये उघडून पुन्हा साठवू नका. देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग होण्याचं ते हमखास कारण आहे. बघायची असेल तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, आणि बदल न करता बंद करा.

तपासणी: फाइल उघडून तीन गोष्टी शोधा. तुमच्या सर्वांत जुन्या लेखातली एखादी ओळ, सर्वांत अलीकडच्या लेखातली ओळ, आणि कुणाच्या तरी प्रतिक्रियेतलं एक वाक्य. तिन्ही सापडल्या आणि अक्षरं नीट दिसली तरच प्रत झाली असं म्हणा.

प्रत तीन ठिकाणी ठेवा: तुमच्या संगणकावर, एका पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर, आणि तुमच्या घरात न राहणाऱ्या एखाद्या विश्वासू माणसाकडे. फाइलच्या नावात तारीख घाला. शिवाय महत्त्वाच्या लेखांची पानं इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साठवायला द्या. पत्ता टाकून 'सेव्ह' म्हटलं की काम होतं, पैसे लागत नाहीत. आधीच काही हरवलं असेल तर तेही इथेच शोधायचं. जुना पत्ता माहीत असेल तर बऱ्याचदा लेख प्रतिक्रियांसकट मिळतो.

## टप्पा ३: चाव्या गोळा करा

एका कागदावर, हो, कागदावरच, तक्ता करा. ब्लॉगरचं गुगल खातं, डोमेन जिथे घेतलं ते खातं, होस्टिंग, वर्डप्रेसचं लॉगिन. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: कुठली ईमेल, कुठला फोन नंबर, पैसे कुठल्या कार्डावरून जातात, मुदत कधी संपते. पासवर्ड या कागदावर लिहू नका. ते पासवर्ड मॅनेजरमध्ये किंवा वेगळ्या बंद पाकिटात ठेवा.

मग प्रत्येक नोंदीला एक प्रश्न विचारा: नोकरी सुटली, शहर सुटलं, देश सुटला, तर हे चालेल का?

ऑफिसची किंवा कॉलेजची ईमेल असेल तर आजच बदला. नोकरी सोडल्याच्या संध्याकाळी ती बंद होते.

फोन नंबरचा प्रश्न त्याहून चिवट आहे. भारतातलं प्रीपेड सिम नव्वद दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं, आणि नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो. अमेरिकेत किंवा दुबईत गेलेल्या माणसाचा ओटीपी मग तिसऱ्याच माणसाच्या फोनवर जातो. त्यामुळे ओटीपीवर विसंबू नका. गुगल खात्यात दुहेरी पडताळणीसाठी ऑथेंटिकेटर ॲप लावा, आणि बॅकअप कोड काढून छापून घ्या. ते आठ आकडी दहा कोड असतात, प्रत्येक एकदाच चालतो. पासपोर्टसोबत ठेवले तर जाईल तिथे जवळ असतात.

कार्डाचं बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून भारतीय कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापले जाण्यासाठी आधी रीतसर ई-मँडेट नोंदवावं लागतं. परदेशी डोमेन कंपन्यांकडे ते नोंदलेलं नसलं तर ऑटो-रिन्यू चालू दिसतं, पण पैसे जात नाहीत. परदेशी स्थायिक झाल्यावर इथलं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांसाठीचं) करावं लागतं, तेव्हा कार्डही बदलू शकतं. ऑटो-रिन्यू लावा, पण त्यावर भरवसा ठेवू नका. मुदतीच्या दोन महिने आधीचा गजर कॅलेंडरमध्ये लावा.

आणखी एक: गुगल खातं दोन वर्षं अजिबात वापरलं नाही तर गुगल ते मजकुरासह काढून टाकू शकतं. ब्लॉगसाठी वेगळं खातं काढलेले लोक यात सापडतात, कारण रोजची मेल दुसऱ्या खात्यावर असते. वर्षातून दोनदा तरी त्या खात्यात लॉगिन करा.

तपासणी: ब्लॉगरच्या परवानग्यांमध्ये जाऊन दुसऱ्या एका खात्याला लेखक म्हणून आमंत्रण द्या, ते स्वीकारलं गेलं की त्याला ॲडमिन करा. ते तुमचंच दुसरं खातं असेल किंवा बहिणीचं. एक दार बंद झालं तर दुसऱ्याने आत जाता येतं. पूर्ण स्थलांतर पुढे ढकललं असेल तरी एवढं मात्र आज रात्री करा.

## टप्पा ४: पत्ता स्वतःचा करा

ब्लॉगस्पॉटचा फुकट पत्ता तुमचा नसतो. तिथून बाहेरच्या साइटवर सर्व्हरच्या पातळीवरचं कायमचं रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्याकडे वळवणं), ज्याला ३०१ म्हणतात, तुम्हाला थेट लावता येत नाही. पण तुम्ही ब्लॉगरवर असतानाच स्वतःचं डोमेन जोडलं, तर ब्लॉगर स्वतःच जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्यावर पाठवायला लागतो. म्हणून स्थलांतराच्या काही महिने आधी डोमेन घ्या, जोडा आणि तसंच राहू द्या. वाचक, इतर ब्लॉग आणि शोधयंत्रं या काळात नवा पत्ता शिकतात. घाईत हाच टप्पा गाळला जातो, आणि त्याची भरपाई नंतर करता येत नाही.

जोडताना ब्लॉगर दोन सीनेम नोंदी देतो: एक सगळ्यांना सारखी असते, दुसरी तुमच्या मालकीची खूण पटवण्यासाठी. दोन्ही डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं हे सांगणाऱ्या नोंदींच्या यादीत, जशाच्या तशा टाका. एकच टाकून 'होत नाही' म्हणणारे बरेच असतात.

डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या खात्यात घ्या. साइट करून देणाऱ्या ओळखीच्या मुलाने 'मी घेऊन ठेवतो' म्हटलं तरी नको. त्याचा हेतू चांगला असेल, पण पाच वर्षांनी तो कुठे असेल हे त्यालाही माहीत नाही. आधीच तसं झालं असेल तर त्याच्याकडून ट्रान्सफर कोड मागून डोमेन आपल्या खात्यात आणा. नव्याने घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डोमेन सहसा साठ दिवस दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, त्यामुळे हेही शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत उलटली की काही दिवस नेहमीच्या दराने नूतनीकरण करता येतं. त्यानंतर डोमेन काढून टाकलं की सोडवून घेण्याचा तीस दिवसांचा काळ असतो, त्यात जबर शुल्क पडतं. मग पाच दिवसांनी ते कुणालाही मिळतं. हातून गेलेल्या डोमेनवर भलत्याच जाहिराती दिसतात, आणि तुमच्या नावाचे सगळे जुने दुवे तिकडे जातात. डोमेन एका वेळी कमाल दहा वर्षांसाठी घेता येतं. मोठा बदल समोर दिसत असेल तर पाच वर्षांचे पैसे एकदम भरून मोकळं व्हा.

## टप्पा ५: नव्या जागी आधी गुपचूप उतरवा

नवं वर्डप्रेस तात्पुरत्या पत्त्यावर उभं करा. सेटिंग्जमध्ये शोधयंत्रांना मज्जाव करण्याचा चौकोन असतो, तो सध्या टिचकवा आणि टप्पा ८ मध्ये काढायचा आहे हे कागदावर लिहा. ही टिचकी राहून गेल्याने नवी साइट वर्षभर गुगलमध्ये न दिसण्याचे प्रकार नेहमी होतात.

आयात करण्यासाठी टूल्समध्ये ब्लॉगरचं इम्पोर्टर आहे. फाइल मोठी असली तर होस्टिंगच्या अपलोड मर्यादेला अडकते, तेव्हा ती मर्यादा होस्टिंगवाल्यांकडून वाढवून घ्या. फाइल हाताने कापत बसू नका. आयात मध्येच तुटली तर लगेच पुन्हा चालवू नका, आधी किती लेख आले ते मोजा, नाहीतर लेख दोनदा येऊ शकतात.

लेखांची, प्रतिक्रियांची आणि मसुद्यांची संख्या जुन्या ब्लॉगशी ताडून बघा. मसुदे मसुदेच राहिलेत ना, हे मुद्दाम पाहा. रागाच्या भरात लिहून बाजूला ठेवलेलं काही उघडं पडायला नको. फोटो अजून जुन्याच जागेवरून येत असतात, आणि पान तर छान दिसतं, म्हणून हे लक्षात येत नाही. एखाद्या फोटोवर उजवी टिचकी मारून त्याचा पत्ता बघा. त्यात ब्लॉगस्पॉट किंवा गुगल दिसलं तर फोटो आलेले नाहीत. बाहेरचे फोटो आपल्या मीडिया लायब्ररीत ओढून घेणारी प्लगइनं मिळतात, ती चालवा.

## टप्पा ६: मराठी मजकुराची तपासणी

इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत हा टप्पा सापडत नाही, त्यामुळे इथे थोडा वेळ काढा. वेगवेगळ्या काळातले दहाएक लेख निवडा. त्यात कविता हवी, वर्डमधून चिकटवलेला लेख हवा, आणि अगदी सुरुवातीच्या काळातला एक हवा.

ऱ्य आणि ऱ्ह. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'कुऱ्हाड' हे शब्द शोधा. ही जोडाक्षरं दोन पद्धतींनी टंकली जातात. एका पद्धतीत साध्या 'र'नंतर न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. स्थलांतराच्या वाटेत एखादं साधन ही न दिसणारी चिन्हं 'साफ' करून टाकतं, आणि 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर'. एका लेखात दिसलं तर सगळीकडे झालेलं असतं. तेव्हा हाताने दुरुस्त न करता मागे जा, कारण शोधा आणि आयात पुन्हा करा.

ॲ. 'ॲप', 'ॲसिड' यांच्यात 'अ'वर चंद्र नीट बसलाय का, की बाजूला ठिपक्यांचा गोल दिसतोय? बऱ्याचदा दोष नव्या थीमच्या फाँटचा असतो. देवनागरी नीट हाताळणारा फाँट निवडला की प्रश्न सुटतो.

प्रश्नचिन्हं किंवा टोपीवाली रोमन अक्षरं. सगळा मजकूर तसा दिसत असेल तर डेटाबेसचं एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) चुकलंय. वर्डप्रेसचा डेटाबेस यूटीएफ-८ च्या चार बाइटवाल्या प्रकारात हवा. टोपीवाल्या अक्षरांतून मूळ मजकूर पुष्कळदा परत मिळतो. प्रश्नचिन्हं झाली असतील तर तो गेला, प्रतीतूनच पुन्हा आणावा लागतो.

युनिकोडपूर्व मजकूर. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फाँटांत टंकलेलं काही असेल तर फाँट नसलेल्या संगणकावर ते अगम्य रोमन अक्षरांसारखं दिसतं. त्या-त्या फाँटचा परिवर्तक वापरून आधी युनिकोड करा, मग चढवा. परिवर्तकाने केलेला मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो. रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात.

कवितेच्या ओळी. जुन्या ब्लॉगर लेखांत ओळी मोडण्याची सोय बऱ्याचदा सेटिंगवर अवलंबून होती. आयातीनंतर अख्खी कविता एका परिच्छेदात गोळा होते, किंवा प्रत्येक ओळीनंतर रिकामी जागा येते. कविता मोजक्या असतात. त्या एकेक उघडून हाताने नीट करा, दुसरा खात्रीचा उपाय नाही.

## टप्पा ७: जुने दुवे जुळवा

इंग्रजी मार्गदर्शक सांगतात की वर्डप्रेसच्या परमालिंकची, म्हणजे लेखाच्या कायमच्या पत्त्याची, रचना ब्लॉगरसारखी, वर्ष-महिना-नाव अशी, ठेवली की जुने दुवे आपोआप चालतात. मराठी ब्लॉगाच्या बाबतीत हे चालत नाही, आणि का ते समजून घ्या.

ब्लॉगर दुवा बनवताना शीर्षकातली देवनागरी अक्षरं गाळतो. शीर्षक संपूर्ण मराठी असेल तर काहीच उरत नाही, म्हणून तो 'ब्लॉग-पोस्ट' असं नाव देतो, आणि त्याच महिन्यात दुसरा लेख आला तर मागे आकडा लावतो. म्हणजे जून २००९ मध्ये एक 'ब्लॉग-पोस्ट', जुलै २००९ मध्ये आणखी एक, असे तुमच्याकडे दर महिन्याला एक असतात. ब्लॉगरला त्यात अडचण नाही, कारण महिना वेगळा आहे. वर्डप्रेसमध्ये मात्र दोन लेखांना एकच नाव चालत नाही, तो दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन असे आकडे चिकटवतो. सगळे पत्ते सरकतात, आणि रचना तीच ठेवूनही जुना दुवा रिकाम्या पानावर जातो.

उपाय असा. ब्लॉगरचं इम्पोर्टर प्रत्येक लेखाचा मूळ पत्ता एका कस्टम फील्डमध्ये (लेखाला जोडलेल्या जादा रकान्यात) जपून ठेवतं. त्या फील्डवरून ३०१ रीडायरेक्ट लावणारी प्लगइनं आहेत, त्यांतलं एक वापरा. त्यावर विश्वास बसत नसेल, किंवा लेख शंभर-दीडशेच असतील, तर तक्ता करा: जुना पत्ता, शीर्षक, नवा पत्ता. मग रीडायरेक्शनच्या प्लगइनमध्ये तो तक्ता एकदम चढवा. कंटाळवाणं काम आहे, पण मला हाच मार्ग पसंत आहे, कारण पुन्हा कधी हलायचं झालं तर तोच तक्ता उपयोगी पडतो. मोबाइलवरून पाठवलेल्या ब्लॉगरच्या दुव्यांना शेवटी 'एम=१' असं शेपूट असतं. तेही चालतं का, हे फोनवरून तपासा.

नव्या लेखांचे पत्ते कसे ठेवायचे, तेही आत्ताच ठरवा. वर्डप्रेस शीर्षकावरून देवनागरी पत्ता बनवतो, पण आतून प्रत्येक अक्षराचं आणि काना-मात्रेचंही नऊ चिन्हांत रूपांतर होतं, आणि एकूण मर्यादा दोनशे चिन्हांची असते. म्हणजे मावतात जेमतेम बावीस अक्षरं, काना-मात्रा-हलन्त धरून. 'आजीच्या वाड्यातला पहिला पाऊस' असं शीर्षक दिलं तर पत्त्यात 'आजीच्या-वाड्यातला-पहिला' एवढंच येतं, पाऊस गळतो. वर तोच दुवा व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या खुणांची हातभर माळ दिसते, आणि ती मध्ये तुटली की दुवा मेला. प्रत्येक लेखाचा पत्ता प्रकाशित करण्याआधी रोमन लिपीत दोन-तीन शब्दांत हाताने लिहा. ब्लॉगरवरही ही सोय आहे. जे लेख आधीच प्रकाशित झालेत त्यांचे पत्ते मात्र सुंदर करण्यासाठी बदलू नका.

## टप्पा ८: बदलाचा दिवस

आठवड्याचा मधला, घरात दुसरं काम नसलेला दिवस निवडा. क्रम असा:

1. दोन दिवस आधी डीएनएसमधला टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) कमी करा, म्हणजे बदल लवकर पोचेल.
2. त्या दिवशी सकाळी जुन्या ब्लॉगची ताजी प्रत घ्या. मधल्या काळात आलेल्या प्रतिक्रिया नव्या जागी आल्यात का ते बघा.
3. डीएनएस नव्या होस्टिंगकडे वळवा. डोमेनवर ईमेलही असेल तर तिच्या एमएक्स नोंदी (मेल कुठे पोचवायची ते सांगणाऱ्या) आधी उतरवून घ्या. नेमसर्व्हर बदलताना त्या गळतात आणि मेल बंद पडते.
4. एचटीटीपीएस प्रमाणपत्र लावा. बहुतेक होस्टिंगवर ते फुकट मिळतं.
5. शोधयंत्रांना मज्जाव करणारी ती टिचकी काढा.
6. तक्त्यातले वीसेक जुने दुवे उघडून बघा, फक्त मुखपृष्ठ नव्हे.
7. जुन्या ब्लॉगरच्या फीड (नवे लेख वाचकाच्या ॲपमध्ये आपोआप पोचवणारी सोय) सेटिंगमध्ये नव्या फीडचा पत्ता द्या, म्हणजे फीड वाचकातून वाचणारे तुटणार नाहीत.

ब्लॉगरवरची डोमेनची जोडणी काढू नका, तिच्यामुळेच ब्लॉगस्पॉटचे जुने दुवे पुढे येतात. डोमेन आता ब्लॉगरकडे नसल्याने वाचकाला मध्ये 'तुम्हाला दुसरीकडे नेत आहोत' असं पान दिसू शकतं. ते ठीक आहे.

इशारा: जुना ब्लॉग डिलीट करू नका. सहा महिन्यांनीही नाही. जागेचे पैसे पडत नाहीत, आणि फोटो राहून गेले असतील तर ते तिथेच आहेत. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गुगल सुचवतं. मी म्हणेन, डोमेन आहे तोवर ठेवा.

## टप्पा ९: आयुष्य हलतं तेव्हा

इथे तंत्र कमी आणि ठरवाठरवी जास्त आहे.

लिहिणं थांबणार हे कळलं की चार ओळींची नोंद टाका: काही काळ लेख येणार नाहीत, ब्लॉग इथेच आहे. कारण सांगायचं बंधन नाही. परतण्याची तारीख देऊ नका, ती चुकली की परत येणं अवघड होऊन बसतं. अशी नोंद नसेल तर वाचक गृहीत धरतात की ब्लॉग संपला, आणि पुढे लिहिणाऱ्यालाही तसंच वाटायला लागतं.

प्रतिक्रियांचं दार अर्धं लावा. ब्लॉगरमध्ये ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या लेखांवरच्या प्रतिक्रिया तुमच्या मंजुरीसाठी थांबवता येतात, वर्डप्रेसमध्ये जुन्या लेखांवरच्या आपोआप बंद करता येतात. नाहीतर परत याल तेव्हा स्पॅमचा ढीग उपसण्यातच पहिला आठवडा जाईल, आणि त्या ढिगात एखाद्या खऱ्या वाचकाची विचारपूस दडलेली असेल. वर्डप्रेस असेल तर प्लगइनांचं आपोआप अद्ययावत होणं चालू करा, आणि जी वापरत नाही ती काढून टाका.

या काळात लिहावंसं वाटलं तर लिहा, पण लगेच प्रकाशित करू नका. आई गेल्यानंतरच्या आठवड्यात, रुग्णालयाच्या बाकावर बसून, वेगळं होण्याच्या दिवसांत लिहिलेलं फार खरं असतं, आणि त्यात दुसऱ्यांचं खाजगीही असतं. फोनवर आवाजी टंकनाने बोलून ठेवा, तारीख घाला, मसुद्यात टाका. दोन-तीन महिन्यांनी वाचा. तेव्हाही ते जगाला सांगावंसं वाटलं, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांना चालणार असेल, तर टाका. ते कुणालाच दाखवलं नाही तरी लिहिलेलं वाया गेलं असं होत नाही.

परतताना पहिला लेख 'इतके दिवस का लिहिलं नाही' यावर नको. असा लेख लिहायला बसलेले बरेच जण तो पुरा करू शकत नाहीत आणि पुन्हा थांबतात. मसुद्यांतला सर्वांत छोटा घ्या, सुधारा, टाका. त्याआधी टप्पा ३ चा कागद काढून मुदती आणि नंबर पुन्हा तपासा, आणि ताजी प्रत घ्या.

## टप्पा १०: तुमच्यानंतर

हे काम तब्येत चांगली असताना करायचं असतं. गुगल खात्यात निष्क्रिय खातं व्यवस्थापक आहे. खातं किती महिने वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं आणि त्यांना कुठला विदा द्यायचा, ते तिथे ठरवता येतं. तीन, सहा, बारा किंवा अठरा महिन्यांची मुदत निवडता येते, आणि दहा जणांपर्यंत नावं देता येतात. यादीत ब्लॉगर निवडायला विसरू नका.

भारतात लेखनाचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो आणि वारसांकडे जातो. मृत्युपत्र करत असाल तर ब्लॉगवरचं लेखन आणि डोमेन कोणाकडे जावं, याची एक ओळ त्यात घाला. पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नका.

ज्यांच्या हाती जाणार आहे त्यांच्यासाठी अर्ध्या पानाची सूचना लिहा: डोमेनचे पैसे कधी आणि कुठे भरायचे, प्रत कुठल्या डिस्कवर आहे, मसुदे उघड करायचे की नाहीत. त्यात हेही स्पष्ट लिहा की मृत व्यक्तीचा फोन नंबर आणि बँक खातं घाईने बंद करण्याआधी डोमेन आणि ईमेल आपल्या नावावर करून घ्यावीत. ओटीपी बंद झाल्यावर घरचे लोक कंपन्यांना कागदपत्रं पाठवत बसतात आणि तोवर मुदत निघून जाते. सूचना लिहून झाली की त्या व्यक्तीला समोर बसवा आणि तुम्ही हात न लावता तिला एकदा डोमेनच्या खात्यात लॉगिन करायला लावा. जिथे ती अडेल, तिथली ओळ सूचनेत लगेच दुरुस्त करा.